भाऊ ‘करणी’ म्हणतो, समुपदेशक ‘आजार’ म्हणतात

प्रश्न : माझ्या २४ वर्षांच्या भावाला वर्षभर कानात आवाज येतात. भावकीतल्या कुणीतरी करणी केलीय म्हणतोय, आईचंही तेच मत. गोळ्यांनी झोप लागते, पण आवाज पुरते गेले नाहीत. डॉक्टरांनी बोलण्याचे उपचार सुचवले. दोनदा गेला आणि आता नको म्हणतोय : ‘त्या बाई मला खोटं पाडतात, वर वहीत लिहून आणायला सांगतात.’ आधी देवऋषाकडं जाणं बंद करायला हवं का?
– एक बहीण, करवीर तालुका

उत्तर : भावाचं गाऱ्हाणं रास्त आहे. सायकोसिस म्हणजे भास-भ्रमाचा आजार; त्यासाठीची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्यावर बोलून करायचे उपचार, मुख्यतः ब्रिटनमध्ये घडली. तिथं थेरपिस्ट विचारतो आणि रुग्णानं आपलं उत्तर आपण शोधायचं असतं. आपल्याकडं माणूस चार शब्द सल्ल्याचे ऐकायला गेलेला असतो. नुसते प्रश्न त्याला उलटतपासणी वाटतात. म्हणूनच ब्रिटनमधल्या अल्पसंख्याक समाजांसाठी शनाया राठोड आणि डेव्हिड किंग्डन या मनोविकारतज्ज्ञांनी, तर पाकिस्तानात मनोविकारतज्ज्ञ फारूक नईम यांनी ही पद्धत तिथल्या रुग्णांना आणि घरच्यांना विचारून बदलून घेतली.

पुढच्या भेटीआधी तुम्ही समुपदेशकांना एवढं सांगा : करणी खरी की खोटी, हा वाद तूर्त नको. आधी तीन गोष्टी विचाराव्यात : हे कशामुळं झालं असं त्याला वाटतं, घरचे काय म्हणतात, कुणाकुणाकडं जाऊन आलात आणि काय फरक पडला. मग ‘शंभरात किती खरं वाटतं?’ ऐंशी म्हणाला, तर उरलेल्या विसाबद्दल बोलायचं. ते वीस त्याचे स्वतःचे असतात, त्यामुळं खोटं पाडल्यासारखं होत नाही. पहिल्याच भेटीत शंभरावर घाव घातला, की रुग्ण तिसऱ्या भेटीला येत नाही.

वहीचा हट्ट सोडता येतो. सकाळी उजव्या खिशात दहा-पंधरा चिंचोके टाकायचे; आवाज आला की एक डाव्या खिशात. आवाज कधी वाढतात – रात्री जागल्यावर, एकटा असताना, घरात भांडण झाल्यावर – हे आठवड्याभरात दिसू लागतं. आवाज सुरू झाला की हरिपाठ मोठ्यानं म्हणणं किंवा गुणगुणणं पुष्कळांना उपयोगी पडतं, कारण ओठ-जीभ कामात असली की आवाज मंदावतो. मात्र आवाज देवाचाच वाटत असेल, तर भजनानं तो वाढूही शकतो. तेव्हा साधं गाणं किंवा धडा मोठ्यानं वाचणं बरं.

देवऋषाकडं जाणं बंद करा, ही पहिली अट घालू नका. आई दुखावली, की गोळ्याही बंद पडतात. अंगारा लावा, पण गोळी चुकवायची नाही, उपास घडवायचा नाही, कर्ज काढायचं नाही. मारहाण, धुरी, साखळीनं बांधणं असलं काही होत असेल, तर तिथून तडक उठा. अशा अघोरी उपायांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३चा कायदा आहे.

आईला एखाद्या भेटीला जरूर न्या, पण भावाला विचारून. तो एकट्यात जे बोलला ते तिच्यापुढं उघडं होणार नाही, हे आधी ठरवून घ्या. घरात सतत टोचून बोलणं आणि अति काळजी, दोन्हींनी आजार उलटतो.

आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर म्हणू लागले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर रात्रीही चालतो.

प्रश्न : असल्या किती भेटी लागतात? दर खेपेला हजेरी बुडते.
– एक वाचक, कागल

उत्तर : ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं किमान १६ म्हणतात. पाकिस्तानातल्या अभ्यासात सहा भेटी आणि घरच्यांसाठी एक एवढ्यावरही फरक दिसला होता. तेव्हा ‘सहा भेटींत काय काय बसेल?’ असं पहिल्याच दिवशी विचारा आणि भेट गोळ्यांच्या तारखेलाच मागा.