जालन्यात बनणाऱ्या नूडल्सवर मराठी विकिपीडियात लेख होऊ शकतो का?

परभणीपासून धाराशिवपर्यंत प्रत्येक किराणा दुकानात या नूडल्सचे पुडे दिसतात, असं तुम्ही म्हणता. पण नुसत्या खपावर लेख टिकत नाही. कंपनीशी संबंध नसलेल्या, भरवशाच्या माध्यमांनी या ब्रँडवर स्वतःहून आणि सविस्तर लिहिलंय का, हे आधी पाहावं लागतं.

सापडेल ती बातमी नीट वाचा. जिल्हा पुरवणीत 'नवी चव बाजारात' अशा थाटाची बातमी असेल, तर ती बहुधा कंपनीच्याच पत्रकावरून आलेली असते. ती धरू नका. मालकाची मुलाखतही नको. मॅगीचं बघा: २०१५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) बंदी घातली, मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि देशभरच्या वृत्तपत्रांनी दोन्ही बाजू तपासून लिहिलं. तिथे लेखाला भरपूर आधार आहे.

असे दोन-तीन स्वतंत्र लेख मिळाले तर जरूर लिहा. आपल्या भागातल्या उद्योगांच्या नोंदी वाढाव्यात असं मला मनापासून वाटतं. नाही मिळाले तर सध्या थांबा. आणि हो, कंपनीकडून मोबदला घेऊन लिहिणार असाल तर विकिपीडियावर ते उघड सांगणं बंधनकारक आहे.