बत्तीस बोअरचं एकच, पण जन्माचं

प्रश्न : काका नमस्कार. वय ४१, तासगाव साइडला द्राक्षबाग आणि बेदाण्याचा व्यापार आहे. सीझनला रोकड घेऊन रात्री-अपरात्री फिरावं लागतं, म्हणून चकरा मारमारून शेवटी गेल्या महिन्यात हँडगनचं लायसन मंजूर झालं. आता घ्यायचं ते एकच आणि जन्मभराचं, परत परत हा खर्च आणि ही कटकट नको. घरी चोर, प्रवासात सोबत, बागेत डुकरं आणि इकडं हल्ली बिबट्या पण फिरतोय, शिवाय कधी हौस म्हणून नेम मारायला, सगळ्याला चालेल असं सांगा. मित्र म्हणतो पिस्तूल घे, मेव्हणा म्हणतो निर्भीक घे, आमचे दादा म्हणतात कुणाकडनं तरी जुनं विलायती वेबली बघ.

उत्तर : आधी तुमच्या यादीतनं दोन कामं काढून टाकतो म्हणजे राहिलेलं सोपं होईल. डुक्कर आणि बिबट्या. डुकरावर हँडगन म्हणजे हत्तीला काठी, आणि नुसतं जखमी केलं तर ते उलट तुमच्यावरच येणार, त्यात डुक्कर मारायला फॉरेस्टची परवानगी लागते ती वेगळीच. आणि बिबट्या म्हणाल तर तो १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या शेड्यूलला आहे, त्याच्यावर बार काढलात तर अगदी जिवावर बेतलं होतं हे तुम्हाला दाखवावं लागेल, बेदाण्याचा धंदा राहील बाजूला आणि कोर्टाच्या तारखा सुरू होतील. बागेसाठी काही हवंच असेल तर ते काम बारा बोअरच्या लांब बंदुकीचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन होती, म्हणजे एक हँडगन घेतलीत तरी एक जागा शिल्लक राहते. पण एकाच हत्याराला सगळ्या कामांना जुंपू नका, बैलाला दूध मागितल्यासारखं होतं ते.

आता राहिलं घर, प्रवास आणि नेम. मी पुण्यात बंदुकीच्या दुकानात काउंटरवर सत्तावीस वर्षं काढली आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिला प्रश्न एकच विचारायचं, "पॉवर किती?" काडतूस कुठं मिळेल, बिघडलं तर कोण दुरुस्त करेल, हे विचारणारे बोटावर मोजण्याइतके. आपल्याकडं जन्मभराचं हत्यार ठरतं ते ह्या दोन प्रश्नांवर, अमेरिकेतले व्हिडिओ बघून नाही ठरत. तिकडं माणूस नऊ एमएम की .३५७ यावर रात्र जागवतो, आपल्याला .३८ आणि नऊ एमएम प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे नळीचं असं माप जे सर्वसाधारण लायसनवर मिळतच नाही. बाहेरनं आयात म्हणाल तर सामान्य माणसाला ते दार १९८० च्या दशकातच बंद झालं. त्यामुळं फिरून फिरून गाडी .३२ वर येते, आणि मला विचाराल तर त्यात वाईट काही नाही.

पण .३२ म्हणजे दोन वेगवेगळी काडतुसं आहेत हे आधी डोक्यात घ्या. रिव्हॉल्वरचं ते .३२ लाँग, बूड कडेला बाहेर आलेलं, आणि पिस्तुलाचं .३२ एसीपी, ज्याला जुनी माणसं ७.६५ म्हणतात. एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही. जातं हो काही रिव्हॉल्वरमध्ये, तीच तर अडचण आहे. लाँगचं काडतूस हातात आलं की उलटं करून बुडावर बघा, "केएफ" अशी अक्षरं असतात, ती किर्की फॅक्टरीची, म्हणजे आपल्या खडकीची. माझ्या काउंटरवर लाँगचा माल त्यातल्या त्यात नियमित यायचा आणि एसीपीला गिऱ्हाईक बरेचदा ताटकळायचं. तुमच्या जिल्ह्यात काय परिस्थिती आहे ते हत्यार घ्यायच्या आधी दोन दुकानांत फोन करून विचारा, नंतर नको.

पिस्तुलाचं म्हणाल तर मित्राचं अगदीच चुकत नाही. अशनी नावाचं .३२ चं देशी पिस्तूल आहे, चपटं आहे, शर्टाखाली दिसत नाही, मॅगझिन पटकन बदलता येतं. पण पिस्तूल हे सतत हाताळणाऱ्याचं हत्यार आहे. राउंड अडकला की स्लाइड ओढून मोकळं करायचं हे अंधारात, घाबरलेल्या हातांनी जमलं पाहिजे, मॅगझिनची स्प्रिंग, चेंबरमध्ये राउंड राहिलाय का, मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं असं समजून झालेले अपघात, हे सगळं सांभाळावं लागतं. वर्षातनं दोनदा कपाटातनं काढणाऱ्या माणसाला मी पिस्तूल दिलं नसतं. रिव्हॉल्वर उघडलं की सहाच्या सहा घरं डोळ्यापुढं, भरलंय की रिकामं यात शंकेला जागाच नाही, आणि एखादा राउंड फुसका निघाला तर परत चाप ओढायचा, पुढचं घर येतं. तुमच्यासाठी रिव्हॉल्वरच.

मेव्हण्यांचं निर्भीक. २०१४ साली कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीनं काढलं, दिल्लीच्या त्या मुलीच्या आठवणीत नाव दिलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. बायकांसाठी हलकं म्हणून गाजावाजा झाला. माझं मत विचाराल तर हलकं हत्यार पर्समध्ये बरं, हातात नाही. झटका वजनानं जिरतो, वजन कमी केलं की तोच झटका मनगटात येतो, .३२ चा झटका मुळात किरकोळ हे मान्य, पण नवख्याचा नेम तेवढ्यानंही हलतो. सातशे-साडेसातशे ग्रॅमचं साधं पोलादी रिव्हॉल्वर जन्मभर वापरायला जास्त सोयीचं.

ह्यात जुन्या धाटणीचं ऑर्डनन्सचं आहे ते मधनं मोडतं, म्हणजे वरची खिट्टी दाबली की नळी खाली झुकते आणि रिकामी नळकांडी एकदम वर येतात. दिसायला झकास, पण पंधरा-वीस वर्षांनी ती खिट्टीच सैल पडते. २०२३ मध्ये कानपूरच्या त्याच गोतावळ्यातल्या सरकारी कंपनीनं प्रबळ नावाचं काढलं, त्यात सिलिंडर बाजूला निघतं, वरची पट्टी अखंड राहते. माझा कौल ह्या बाजूच्या सिलिंडरला. ५० मीटरपर्यंत मार अशी जाहिरात आहे, ती जाहिरातच समजा, तुमचं काम आहे अंगणाच्या अंतराचं, सात-आठ मीटर. आणि दादांच्या वेबलीबद्दल, आता वेबली नावाचं .३२ उत्तर प्रदेशात संडीलाला पण बनतं, त्यामुळं नुसत्या नावावर जाऊ नका. खरंच जुनं विलायती असेल तर बोअर बघा, त्यातली बरीचशी लष्करी .४५५ किंवा .३८०, ती घेताच येणार नाहीत. आणि .३२ असलं तरी सुटा भाग मिळत नाही, स्प्रिंग मोडली की गावठी कारागीर कानस घेऊन बसतो आणि मग त्याचं काय होतं ते मी बघितलंय.

नवं घ्या नाहीतर जुनं, काउंटरवर एवढं कराच. दुकानदारासमोर उघडून रिकामं आहे हे स्वतःच्या डोळ्यानं बघा, बोट घालून चाचपा. नळीच्या मागं पांढरा कागद किंवा अंगठ्याचं नख धरा आणि पुढनं आत बघा, आटे स्पष्ट आणि चकचकीत दिसले पाहिजेत, काळे ठिपके म्हणजे गंजानं खाल्लेलं. मग घोडा पूर्ण ओढून ठेवा आणि सिलिंडर दोन बोटांत धरून हलवा. केसभर हललं तर चालेल, खुळखुळ्यासारखं वाजलं तर नमस्कार करून बाहेर या. मधनं मोडणारं असेल तर नळी एका हातात, मूठ दुसऱ्या हातात धरून वेगवेगळ्या दिशेला हलवून बघा. शेवटी नंबर, हत्यारावरचा आणि पावतीवरचा अक्षर न अक्षर जुळवा, एका गिऱ्हाइकाचा आठाचा तीन झाला होता आणि ते निस्तरायला त्याचं वर्ष गेलं. मुदतीत हत्यार नेऊन दाखवा, लायसनवर चढवून घ्या. लायसन आता पाच वर्षांचं असतं, आधी तीन होती, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर नको, फोनमध्ये टाका.

आणि सराव. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा आधी न ओढता नुसत्या चापानं बार काढताना, चाप लांब आणि जड असतो, पहिल्या पाच राउंडात माणूस लक्ष्याच्या खाली डावीकडं मारतो आणि हत्याराला शिव्या देतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, हत्यार दोनदा तपासा, डमी राउंड घाला, पक्क्या भिंतीकडं तोंड करा, नळीवर पुढं एक रुपयाचं नाणं ठेवा आणि सावकाश चाप ओढा. नाणं पडलं नाही तर हात बसला. रोज दहा मिनिटं, दोन महिने. मग जिल्ह्याच्या रायफल क्लबला विचारून परवानगीनं खरे राउंड मारा, वर्षाकाठी काडतुसं किती हे लायसनवर असतं, त्यातली निम्मी सरावाला घालवा, कपाटात ठेवून ती काही वाढत नाहीत.

हत्यार चामड्याच्या कव्हरात कायमचं ठेवू नका, पावसाळ्यात चामडं पाणी धरतं. निवडणूक लागली की पोलीस स्टेशनला जमा करायचा निरोप येऊ शकतो, पावती घ्या आणि द्यायच्या आधी आतबाहेर ग्रीस लावा. माझं स्वतःचं एकदा ऐन पावसात अडीच महिने जमा होतं, परत आणलं तेव्हा सिलिंडर फिरेना, तिथल्या साहेबांना म्हटलं तर म्हणतात तुमचंच जुनं असेल. वरातीत बार काढायचा मोह आवरा, २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि रागावू नका, पण घरात कुणाला दारूचं असेल, कुणी मनानं खचलेलं असेल, तर लायसन मंजूर झालं म्हणून घेतलंच पाहिजे असं नाही.

प्रश्न : वडील मे महिन्यात गेले. त्यांचं ३० वर्षांचं .३२ रिव्हॉल्वर कपाटात आहे. भाऊ म्हणतो ठेव, कोण बघायला येतंय. काय करू? (एक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, आज वाचलंत ना, उद्या जमा करा. लायसन वडिलांच्या नावावर होतं, ते गेल्यावर तुमच्याकडं ते बेकायदाच आहे, बघायला कुणी येवो न येवो. पोलीस स्टेशनला किंवा लायसन असलेल्या डीलरकडं जमा करून पावती घ्या, मग वारस म्हणून अर्ज करता येतो, बाकीच्या वारसांचं ना-हरकत लागेल, त्यामुळं भावाशी आधी गोड बोला. ठेवायचं नसेल तर डीलरमार्फत विका. बाकीच्या वाचकांसाठी पण सांगतो, हे हयातीतही करता येतं, लायसनदाराला सत्तर वर्षं झाली किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असलं की वारसाच्या नावावर करायचा अर्ज देता येतो. तासगावकर, जन्मभराचं म्हणजे कागदावर तुमच्या हयातीपुरतंच.

प्रश्न : मुलगा डॅलसला आहे, एच वन बी वर. तिथं सगळ्यांकडं असते म्हणून गन घ्यायची म्हणतोय आणि परत येताना इकडं घेऊन येतो म्हणतोय. चालतं का?

उत्तर : आधी त्याला थांबवा. टेक्ससमध्ये कायदा सैल आहे खरा, पण तो राज्याचा. केंद्राच्या कायद्यानं एच वन बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक जवळ ठेवायला बंदी आहे, शिकारीचं लायसन असणं वगैरे मोजके अपवाद सोडून, आणि चूक झाली तर व्हिसासकट सगळं जातं. तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय मित्राची गन रेंजवर हातात सुद्धा घेऊ नको म्हणावं. पुढंमागं ग्रीन कार्ड झालं तर गोष्ट वेगळी, मग घेऊ दे. पण तिकडं दुकानात गेला की नऊ एमएमच दाखवणार, आणि ती इकडं प्रोहिबिटेड, त्यामुळं परत यायचं ठरलं की तिथंच विकून ये म्हणावं.