हे पद नेमके कोणाचे? : संगीत नाटकांवरची प्रश्नोत्तरे

नाटककार, पदकर्ते आणि नाटकाला चाली देणारे यांच्याविषयी वाचकांनी पाठवलेले प्रश्न बरेच साठले होते. त्यांतले काही आज घेतो. पत्रे वेगवेगळ्या गावांहून आली असली तरी बहुतेकांचा रोख एकच आहे : हे पद कोणाचे? माझे म्हणणे असे की नाट्यपदाखाली निदान तीन नावे हवीत. शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि गायले कोणी. आपण एकावरच भागवतो, आणि पुष्कळदा तेही चुकीचेच असते.

"आजोबांच्या कपाटात 'संगीत सौभद्र'चे जुने पुस्तक सापडले. पदांच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून पुढे भलत्याच गाण्याची ओळ छापली आहे. म्हणजे किर्लोस्करांनी चाली उचलल्या होत्या का? आणि संगीतकाराचे नाव कुठेच कसे नाही?" (मिरज)

उचलल्या होत्या, आणि त्यात लपवण्यासारखे काही आहे असे कोणालाच वाटत नव्हते. म्हणून तर वर छापून टाकले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले आणि दोन वर्षांनी 'सौभद्र'. कीर्तनातली पदे, लावण्या आणि साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत यांसारखे छंद, हे सगळे प्रेक्षकांच्या कानावरून आधीच गेलेले होते. अण्णासाहेब मूळ गुर्लहोसूरचे, नोकरी बेळगावला. त्या मुलखात कानडी गाणे दारावरून जाते, तेही नाटकात आले.

'चाल' ही ओळ त्या काळची स्वरलिपीच समजा. मूळ गाणे ठाऊक असले की पुस्तक घेऊन कोणीही घरबसल्या पद म्हणू शकत असे. दिंडीला तर तेवढीही गरज नव्हती. नऊ आणि दहा मात्रांचे तुकडे कानात बसलेले असले की कुठलीही दिंडी म्हणता येते. 'संगीतकार' हा हुद्दाच तेव्हा नाटक मंडळीत नव्हता. नाटककारच चाल निवडायचा, तिच्यात शब्द बसवायचा आणि तालमीत नटाकडून घटवून घ्यायचा. म्हणजे तुमच्या पुस्तकात संगीतकाराचे नाव आहे. ते मुखपृष्ठावरच आहे.

या घरगुती चालींचा वीट आला तो श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना. 'वीरतनय'मध्ये (१८९६) त्यांनी पारशी आणि गुजराती रंगभूमीवरच्या उडत्या चाली आणल्या. त्यावर जुन्या मंडळींनी नाके मुरडली, आणि तरुणांनी त्याच चाली रस्त्याने गुणगुणल्या.

"'मानापमान'साठी गोविंदराव टेंबे आणि 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखले यांना संगीतकार म्हणतात. पण त्यांनीही ठुमऱ्या आणि चीजांवरूनच (शास्त्रीय बंदिशींवरूनच) चाली घेतल्या ना? मग त्यांनी केले काय?" (कोल्हापूर)

प्रश्न खोचक आहे आणि रास्तही आहे. नव्या रचनेचा हिशेब मांडला तर दोघांच्याही खात्यावर आजच्या अर्थाने फार थोडे जमा होईल. पण त्यांचे काम वेगळ्या जागी होते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' १२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर मंडळीने केले. टेंबे पेटीवर बसणारा असामान्य माणूस. त्यांनी पूरब अंगाच्या, म्हणजे बनारसकडच्या ढंगाच्या ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या कुठल्या प्रवेशात, कुठल्या पात्राच्या तोंडी शोभतील ते पाहून निवडल्या. नायिका भामिनी रुसली की कोणती सुरावट आणि नायक धैर्यधर घोड्यावरून आल्यासारखा बोलतो तेव्हा कोणती, हा निवाडा त्यांचा. मैफलीतला लडिवाळपणा तिकीट काढून आलेल्या माणसापर्यंत पोचला तो या नाटकामुळे.

'स्वयंवर' (१० डिसेंबर १९१६, गंधर्व नाटक मंडळी) पुढची पायरी. भास्करबुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळीत बालनट होते आणि नंतर फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकून आलेले. त्यांनी चीज द्यायची आणि याही नाटकाचे लेखक असलेल्या खाडिलकरांनी त्यावर मराठी शब्द बसवायचे, असा तो संसार. खाडिलकरांच्या पदांना क्लिष्ट म्हणण्याची टीकाकारांना सवय आहे. मला ती टीका अर्धीच पटते. 'मम आत्मा गमला हा' ही ओळ मोठ्याने म्हणून पाहा. आत्मा, गमला, हा : तिन्ही शब्द आकारावर संपतात, तोंड उघडे राहते, गाणाऱ्याला आलापाला आयती जागा मिळते. 'नाथ हा माझा' म्हणा, तेच दिसेल. कागदावर वाचताना अडखळायला लावणारी ही पदे गळ्यात मात्र अलगद बसतात. खाडिलकर स्वतः गवई नव्हते, 'केसरी'त बसणारे पत्रकार होते. तरी त्यांना हे कळले, कारण शेजारी भास्करबुवा होते आणि समोर बालगंधर्व.

तिसऱ्या नावाचे महत्त्वही याच 'मानापमान'ने दाखवले. मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी धैर्यधर उभा केला तेव्हा काही पदांच्या चालीच फिरवल्या. मूळ चाल टेंब्यांची असली तरी आज पुष्कळ घरांत दीनानाथांचीच म्हटली जाते.

"मुलगी शाळेच्या स्नेहसंमेलनात 'कशि या त्यजू पदाला' म्हणणार आहे. निवेदनात 'गडकऱ्यांचे अजरामर गीत' असे लिहिले तर चालेल ना?" (ठाणे)

नाही चालणार. वाक्य बदला.

'एकच प्याला' राम गणेश गडकऱ्यांचे, पदे मात्र विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. गुर्जर कथालेखक, गडकऱ्यांच्याच वयाचे, दोघांचाही जन्म १८८५ चा. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला क्षयाने गेले, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. महिन्याभरात, २० फेब्रुवारीला, गंधर्व मंडळीने बडोद्याला नाटकाचा पहिला प्रयोग केला. म्हणजे नायिका सिंधूचे एकही पद लेखकाने रंगमंचावरून ऐकलेले नाही. गडकरी भाषेचे एवढे मोठे जादूगार, 'गोविंदाग्रज' या नावाने कविता लिहिणारे, आणि त्यांच्या सर्वांत गाजलेल्या नाटकातली गाणी दुसऱ्याची! लोकांना हे पटतच नाही, म्हणून निवेदनात ही चूक पुन्हा पुन्हा होते.

आता चाल. ती सुंदराबाई जाधव यांची. सुंदराबाई नामांकित गायिका. 'प्रभात'च्या 'माणूस' चित्रपटात (१९३९) गणपत हवालदाराच्या आईच्या भूमिकेत त्या पडद्यावर दिसतात. त्यांच्या गळ्यातली ढंगदार सुरावट बालगंधर्वांनी घेतली आणि ती सिंधूच्या सोशिक स्वभावात उतरवली. जरा विचार करा : गंधर्व मंडळीत स्त्रीभूमिका पुरुषांनी करायच्या असा तो काळ. बाईचे दुःख गाणारा पुरुष, आणि त्याला ते कसे गायचे याची वाट दाखवणारी बाई विंगेच्याही पलीकडे. जाहिरातीतली मोठी अक्षरे अर्थातच तिच्या वाट्याची नव्हती.

तेव्हा निवेदन असे करा : "नाटक राम गणेश गडकरी, पद वि. सी. गुर्जर, चाल सुंदराबाई जाधव, गाजवले बालगंधर्वांनी." दहा सेकंद जास्त लागतील. शाळेच्या स्नेहसंमेलनात एवढा वेळ नक्की असतो. पाहुण्यांच्या सत्कारात याहून जास्त जातो.

"'मर्मबंधातली ठेव ही' दीनानाथांनी लिहिलेले आहे का?" (रत्नागिरी)

गायले दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने. शब्द वि. दा. सावरकरांचे, नाटक 'संन्यस्त खड्ग' (१९३१), संगीत रामकृष्णबुवा वझे यांचे. हे नाटक लिहिले तेव्हा सावरकर तुमच्याच रत्नागिरीत स्थानबद्ध होते.

"या लोकांचे पोट नाटकावर भरत होते का? मुलगा नाटककार व्हायचे म्हणतो, म्हणून विचारतो." (नाशिक)

मुलाला हे उत्तर वाचायला द्या, पण धाक घालायला नको.

किर्लोस्कर सरकारी कचेरीत कारकून होते. गोविंद बल्लाळ देवल बेळगावला शिक्षक होते. 'शारदा'चे लेखक म्हणून जितकी, तितकीच त्यांची ख्याती तालीममास्तर म्हणूनही. कोल्हटकर वकील. मामा वरेरकर टपाल खात्यात. खाडिलकरांनी १९२३ मध्ये स्वतःचे 'नवाकाळ' काढले. गडकरी किर्लोस्कर मंडळीत मुलांना शिकवायला होते. पुढच्या पिढीतले वसंत कानेटकर तुमच्याच नाशकात प्राध्यापक, विद्याधर गोखले 'लोकसत्ता'चे संपादक, पुरुषोत्तम दारव्हेकर आधी नागपूरला शिक्षक आणि मग आकाशवाणीवर. गाणाऱ्यांचेही तेच. वसंतराव देशपांडे वर्षानुवर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात खर्डेघाशी करत होते.

कंपन्यांच्या काळात नाटकावर पैसा झाला तो मालकाचा, आणि बुडाला तोही मालकाचाच. बालगंधर्वांच्या कर्जाच्या कहाण्या सर्वांना पाठ आहेत. लेखकाला प्रयोगामागे मानधन ही पद्धत रुळल्यावर चालत्या नाटकाचा लेखक थोडा सुखावला. पण कोणते नाटक चालेल हे निर्मात्यालाही कळत नाही, तर लेखकाच्या बायकोने त्यावर महिन्याचा किराणा कसा भरायचा? मुलाला नोकरी करू द्या आणि संध्याकाळी तालमीला जाऊ द्या. वर घेतलेल्या नावांत याला अपवाद फार शोधावा लागतो.

"पं. जितेंद्र अभिषेकींनी नाट्यसंगीत बदलले म्हणतात. नेमके काय बदलले, साध्या शब्दांत सांगाल का?" (फोंडा)

अभिषेकींचे मंगेशी तुमच्या हाकेच्या अंतरावर, त्यामुळे अभिमान कळतो! साध्या शब्दांत सांगायचे तर त्यांनी पद आखूड केले आणि त्याला नाटकाच्या कामाला जुंपले.

जुन्या नाटकात गाणे सुरू झाले की नाटक थांबायचे. एक वन्समोअर, दुसरा वन्समोअर, समोरचा नट उपरणे सावरत उभा. रात्रभर बसायची तयारी असलेला प्रेक्षक होता तोवर हे शोभले. १ मे १९६४ ला कानेटकरांचे 'मत्स्यगंधा' गोवा हिंदू असोसिएशनने आणले तेव्हा प्रेक्षकाला शेवटची गाडी गाठायची होती. 'गुंतता हृदय हे' किंवा 'देवाघरचे ज्ञात कुणाला' ऐका. मोजकी फिरत, शब्द स्वच्छ, भाव पोचला की पद संपले. अभिषेकींनी चाली नव्याने बांधल्या. अमुक चीजेवर शब्द बसवा, अशी लेखकावर सक्ती उरली नाही. त्यामुळे कवींनाही दार उघडले. रणजित देसाईंच्या 'हे बंध रेशमाचे'साठी शांता शेळके यांनी लिहिलेले 'काटा रुते कुणाला' घ्या. ते नाटकाबाहेर, मैफलीतही भावगीतासारखे उभे राहते.

त्यांच्या कामाचा कस मात्र दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली'त (२४ डिसेंबर १९६७) लागला. तिथे दोन घराण्यांचे भांडण हेच कथानक. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांचे गाणे वेगळे ऐकू आले नाही तर नाटकच कोसळेल. 'घेई छंद मकरंद' हेच शब्द पंडितजींच्या तोंडी एका चालीत येतात आणि खाँसाहेबांच्या तोंडी दुसऱ्या. रागदारीचा गंध नसलेल्या माणसालाही दोन स्वभाव समोर दिसतात. संवादाच्या पाच पानांचे काम तिथे संगीतकाराने केले आहे. दारव्हेकरांचे श्रेय त्याने कमी होत नाही. ती जागा त्यांनी मोकळी ठेवली, हेच त्यांचे शहाणपण.

(अभिषेकी म्हणजेच आधुनिक नाट्यसंगीत, असे मात्र समजू नका. 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) भास्कर चंदावरकरांनी रंगमंचावर रांगेत उभ्या नटांच्या, माणसांच्या भिंतीलाच गायला लावले. ती निराळी वाट, तिच्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.)

"आमच्या हौशी संस्थेला एक जुने संगीत नाटक करायचे आहे. 'जुने म्हणजे फुकट' असे एक सभासद म्हणतात. परवानगी कोणाची लागते?" (पुणे, असाच प्रश्न लंडनच्या एका मराठी कुटुंबाचाही)

सभासदांना विचारा, जुने म्हणजे किती जुने आणि त्यातले काय?

भारतीय कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायचे. संहिता आणि संगीत या दोन वेगळ्या कृती धरल्या जातात, म्हणून तारखाही वेगवेगळ्या. 'मानापमान' घ्या : खाडिलकर १९४८ ला गेले, शब्द २००८ अखेर मोकळे झाले, टेंबे १९५५ ला गेले, चाली २०१५ अखेर. 'एकच प्याला'ची गंमत पाहा. गडकऱ्यांचे गद्य कधीच खुले झाले होते, पण गुर्जर १९६२ पर्यंत हयात होते, म्हणून पदांवरचा हक्क २०२२ च्या अखेरपर्यंत टिकला. इतकी वर्षे किती संस्थांनी त्याची चौकशी केली असेल, कोण जाणे. 'कट्यार' करणार असाल तर दारव्हेकरांच्या (निधन १९९९) आणि अभिषेकींच्या (१९९८) वारसांची किंवा हक्क ज्यांच्याकडे असतील त्यांची लेखी परवानगी घ्यावीच लागेल.

हौशी मंडळाने तिकीट न लावता, किंवा देवस्थानाच्या मदतीसाठी प्रयोग केला तर कायद्यात सवलत आहे. गोव्यातल्या उत्सवी नाटकांना ती उपयोगी पडते. सभागृहाबाहेर 'देणगी प्रवेशिका' विकून ती सवलत मागू नका. ध्वनिमुद्रिका लावून पाठीमागे ओठ हलवणार असाल तर मुद्रिकेचा हक्क आणखी वेगळा. महाराष्ट्रात प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, त्यासाठी संहिता वेळेत पाठवा.

लंडनकरांनी तिथला कायदा पाहायचा. तिथे मुदत ७० वर्षांची आहे, आणि हौशी प्रयोगांची आपल्याकडची सवलत तिकडे गृहीत धरू नये. जाहिरातीत तिन्ही नावे घालायला मात्र दोन्हीकडे कोणाची परवानगी लागत नाही.