उन्हाने पडणाऱ्या सुरकुत्या प्रोटीन पावडरीने थांबतात का?

नाही थांबत. मालवणला बदली झालीय, दिवसभर उन्हातलं काम आहे, तर चेहरा लवकर म्हातारा दिसू नये म्हणून व्हे (दुधातल्या प्रोटीनची पावडर) घ्यावं की कोलॅजन (कातडी घट्ट धरणाऱ्या प्रोटीनची पावडर), असं तुम्ही विचारलंय. मी म्हणते, त्या पैशांत पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट आणि रुंद काठाची टोपी घ्या.

आमच्या घरात यावरून वाद झालाय म्हणून एवढं ठासून सांगते. माझी जाऊ मुंबईहून मे महिन्यात येते. एकदा सासूबाईंसाठी कोलॅजनचा डबा घेऊन आली आणि चारचौघांत म्हणाली, "आईंच्या पोटात प्रोटीनच जात नाही, म्हणून कातडी अशी झालीय." ज्या घरात रोज बांगडा नाहीतर तारली, मासे नसतील त्या दिवशी कुळथाची पिठी, तिथे हे ऐकून घ्यायचं! शंभर ग्रॅम बांगड्यात 20 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. सासूबाईंचा जन्म किनाऱ्यावर मासळी निवडण्यात, सुकवण्यात गेला. मानेवर, मनगटापर्यंत खोल घड्या आहेत. पण त्यांना आंघोळ मी घालते. चोळीखालची पाठ अजून तुकतुकीत आहे. अंग तेच, जेवण तेच. फरक फक्त उन्हाचा. सासूबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या, "माका बांगडो पुरे."

उन्हातली यूव्हीए नावाची न दिसणारी किरणं ढगांतून आणि गाडीच्या काचेतूनही येतात, कातडीच्या आतल्या थरात कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स वाढवतात. पावडर ते ऊन अडवत नाही. ऑस्ट्रेलियात नॅम्बरला 900 हून जास्त लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, 2013 मध्ये छापून आला. मनाला येईल तेव्हा सनस्क्रीन लावणाऱ्यांपेक्षा रोज लावणाऱ्यांची त्वचा 24 टक्के कमी म्हातारी झाली होती. एसपीएफ 30 च्या वरचं, पीए+++ (म्हणजे यूव्हीए अडवणारं) लिहिलेलं घ्या, घाम आला की पुन्हा लावा.

कोलॅजन घेतल्यावर त्वचेचा ओलावा, लवचिकपणा थोडा सुधारल्याचे काही छोटे अभ्यास आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांना पैसा पावडर बनवणाऱ्या कंपन्यांचाच आहे. जेवण खरंच कमी पडत असेल तर व्हे घ्या, मात्र ते ताकदीसाठी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी काही न्यायचंच असेल तर सनस्क्रीनची ट्यूब न्या. जावेलाही मी हेच सांगितलंय.