चेक वटला नाही आणि पार्टी रोज नवा वायदा करतेय, मी अजून किती थांबू?

तुम्ही लिहिलंय की माल पोचवल्यावर पार्टीने दिलेला चेक ‘अपुरी शिल्लक’ असा शेरा मारून परत आला. त्याला आज २२ दिवस झाले. फोन केला की "पुढच्या आठवड्यात नक्की" असं उत्तर मिळतं, आणि संबंध जुने असल्यामुळे नोटीस पाठवायला तुमचं मन होत नाही.

थांबू नका. नोटीस दोन-तीन दिवसांत गेलीच पाहिजे. मी वकील नाही, तुमच्यासारखाच छोटा पुरवठादार आहे, पण हा धडा मी स्वतः सोसून शिकलोय.

चेक परत येणं म्हणजे नुसती थकलेली उधारी नाही. ज्याला सगळे ‘एकशे अडतीस’ म्हणतात, त्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली तो गुन्हा ठरतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात. तेही उलटले की पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. तक्रारीला उशीर झाला आणि कारण सबळ असलं तर न्यायालय तो माफ करू शकतं, नोटिशीच्या उशिराला मात्र माफी नाही. म्हणून तुमचे हे उरलेले आठ दिवस फार मोलाचे आहेत.

माझ्या बाबतीत हे आठ दिवसही गेले होते. समोरचा माणूस वर्षानुवर्षांचा ओळखीचा, घरातल्या लग्नाला येऊन गेलेला. त्याच्या प्रत्येक वायद्यावर मी विश्वास ठेवला आणि चेक, त्याला स्टेपल केलेल्या बँकेच्या मेमोसकट (चेक का परत आला ते लिहिलेली चिठ्ठी), कपाटात ठेवून दिला. वकिलाकडे गेलो तेव्हा त्यांनी मेमोवरच्या तारखेवर पेन टेकवलं, कॅलेंडर काढलं आणि एकेक दिवस मोजला. ३४ भरले. माझे हातपाय गळाले. मग त्यांनी चेक हातात घेऊन त्यावरची तारीख पाहिली आणि म्हणाले, "तीन महिने व्हायला अजून अकरा दिवस आहेत. उद्या सकाळी पुन्हा खात्यात लावा."

हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने असते, आणि तेवढ्या काळात तो पुन्हा भरता येतो. पुन्हा परत आला की नवा मेमो मिळतो आणि ३० दिवस नव्याने सुरू होतात. आधी नोटीस राहून गेली असली तरी नव्या मेमोवरून खटला भरता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला आहे. माझा चेक दुसऱ्यांदाही परत आला. या वेळी तिसऱ्याच दिवशी नोटीस गेली, आणि ती मिळाल्यापासून तेराव्या दिवशी पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली. पण हा मार्ग हाताशी आहे म्हणून वेळ काढू नका. तुमचा चेक तीन महिन्यांच्या पलीकडे गेला, तर तो मार्गही बंद.

नोटिशीत मागणी चेकवरच्या रकमेची, अगदी तेवढ्याच आकड्याची हवी. व्याज, जुनी बाकी त्यात मिसळू नका. चेक कंपनीच्या खात्याचा असेल तर नोटीस कंपनीच्या नावानेही जाऊ द्या. ती स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. पत्ता बरोबर असेल तर त्याने पाकीट घ्यायला नकार दिला तरी नोटीस पोचली असंच धरलं जातं. आणि नोटिशीनंतरचे १५ दिवस पूर्ण होण्याआधी तक्रार करू नका, ती टिकत नाही.

मधल्या काळात त्याने थोडे पैसे दिले असतील तर वकिलाला ते आधी सांगा. चेक दिल्यानंतर काही रक्कम फिटली असेल तर तशी नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेपुरताच तो भरावा लागतो. ती नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक लावला आणि तो परत आला, तर केस तिथेच संपू शकते.

"जुना चेक परत दे, नवा देतो" असं तो म्हणेलच. मूळ चेक देऊ नका. नवा वटल्यावर परत करू, एवढंच सांगा. माल मिळाल्याची सही असलेलं चलन, बिल आणि "देतो" म्हणणारे त्याचे मेसेजही सांभाळा. चेक देणं फेडण्यासाठीच होता असं कायदा गृहीत धरतो, पण तो ‘सिक्युरिटीचा चेक होता’, म्हणजे नुसता हमी म्हणून दिलेला, असं म्हणाला तर उत्तर याच कागदांत असतं.

पार्टी दुसऱ्या जिल्ह्यातली असली तरी घाबरू नका. २०१५ पासून तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात करता येते.

संबंधांचं म्हणाल, तर नोटीस गेली की केस झाली असं नाही. त्या १५ दिवसांत पैसे आले तर विषय तिथेच मिटतो, आणि केस उभी राहिली तरी तडजोड कधीही करता येते. पाठवण्याआधी त्याला एक फोन करा, "मुदत संपतेय म्हणून नोटीस पाठवतोय" एवढं सांगा. मी हेच केलं होतं. आज तो माझ्याकडून माल घेतो, आगाऊ पैसे भरून.