चिखलात रुतलेली जीप आणि बारावीचं वर्ष

(खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातून एका आईनं चार पानी पत्र लिहिलंय. मुलगा सतरा वर्षांचा, बेळगावात सायन्सला, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. घरी चुलत्यांची जुनी महिंद्रा जीप आहे. मुलानं साठवलेल्या पैशांतून तिचे 28 इंची टायर काढून 31 इंची घातले. आता त्याला स्प्रिंगा उंच करून घ्यायच्या आहेत. दर रविवारी गाडी चिखलात घालतो, रुतली की ट्रॅक्टर बोलावतो. परीक्षा झाली की पुण्याला गाड्या मॉडिफाय करणाऱ्या वर्कशॉपला जाणार म्हणतो. वडील मिलिटरीतून निवृत्त, ते बोलतच नाहीत. आईचे प्रश्न दोन : यात पोटापाण्याचं काही आहे का, आणि जीप विकून टाकू का?)

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. जीप विकू नका. मात्र मुलगा अठरा वर्षांचा होऊन त्याच्या हातात लायसन्स पडेपर्यंत ती रस्त्यावर येता कामा नये. घरापासून शेतापर्यंत जायला जो डांबरी तुकडा लागतो, तोही रस्ताच. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 199-अ हे कलम आलंय. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हे शेवटचं नीट वाचा. ज्याला गाड्यांतच आयुष्य काढायचंय त्याच्यासाठी याहून वाईट शिक्षा नाही. शिवाय जीप चुलत्यांच्या नावावर आहे म्हणता, म्हणजे पहिली नोटीस त्यांच्या दारात जाईल. भाऊबंदकीला आपल्याकडे एवढं कारण पुरतं.

टायरांचंही तसंच. कंपनीनं दिलेल्या आणि आर.सी.वर नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करायचा नाही, असं कलम 52 सांगतं. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्ट केलं. परवानगी नसलेल्या बदलाला कलम 182-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढे लावायचे ते जाडजूड लोखंडी गार्डही केंद्रानं डिसेंबर 2017 मध्येच बेकायदा ठरवलेत. जुने टायर टाकून दिले नसतील तर जपून ठेवा. एवढ्या जुन्या गाडीला नोंदणी नूतनीकरणासाठी आर.टी.ओ.पुढे उभं राहावंच लागतं, तेव्हा ते लागतील.

आता पहिला प्रश्न. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही सहज, तक्रारीच्या सुरात एक ओळ लिहिली आहे : ‘टायर बदलल्यापासून गाडी चढाला ओढत नाही, ब्रेकही लागत नाही म्हणतो, आणि अभ्यासाच्या वहीत त्याचीच गणितं करत बसतो.’ बाकीची सगळी पानं बाजूला ठेवून मी त्या ओळीवर थांबलो.

ती गणितं काय असणार ते सांगतो. चाक 28 वरून 31 इंचांवर गेलं की एका फेऱ्यात गाडी सुमारे अकरा टक्के जास्त अंतर कापते. स्पीडोमीटरला ते ठाऊक नसतं. काटा 50 वर असताना गाडी खरी 55 नं पळते. इंजिनचा जोर तोच, पण चाकाचा व्यास वाढल्यामुळे जमिनीवर मिळणारी ओढ दहा टक्क्यांच्या आसपास कमी होते. ब्रेकचंही तेच. ड्रम तोच, पकड तीच, पण मोठ्या चाकाला थांबवायला ती अपुरी. म्हणजे चढाला ओढत नाही आणि उताराला थांबत नाही, अशी दोन्हीकडून बोंब. पोरानं हे कोणी न सांगता वहीत मांडलं असेल, तर त्याला नुसता गाडीचा नाद लागलाय असं म्हणू नका. गाडी बिघडली की शिव्या देणारे पुष्कळ असतात. का बिघडली हे आकड्यात शोधणारे थोडे, आणि पगार त्या थोड्यांना मिळतो.

पण वर्कशॉपला पुण्याला जायची एवढी घाई कशाला? मोबाईलवरच्या व्हिडिओत मुलांना बंपर, लाइट आणि छतावरचं कॅरिअर दिसतं. त्या धंद्यात कामगाराच्या वाट्याला दिवसभर ग्राइंडर आणि बोल्ट येतात. गिऱ्हाईक हौशी, काम हंगामी, आणि निम्मं काम वर सांगितलेल्या कलमांत अडकणारं. पाच-सात वर्षं काढून स्वतःचं नाव झालेले लोक आहेत, नाही असं नाही. मात्र ते शिकले कुठून ते विचारा. लेथवर, वेल्डिंगच्या टेबलावर, गिअरबॉक्स उघडून.

आणि ते सगळं तर तुमच्या दारात आहे. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांत फौंड्र्या (धातू ओतायचे कारखाने) आहेत, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांची शॉप्स आहेत, हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने आहेत. दीड-दोन तासांवर धारवाडला टाटा हिताचीचा कारखाना एक्स्कॅव्हेटर बनवतो. रस्ता नसलेल्या जागी चालणारी गाडी म्हणजे फक्त जीप नव्हे. खाणीतला डंपर, शेतातला ट्रॅक्टर, तुमच्या गावात चर खणायला येणारा जेसीबी, या सगळ्यांना चिखल, चढ, दगड आणि धूळ यांच्याशीच झगडायचं असतं. कंपन्यांच्या भाषेत या धंद्याला ‘ऑफ-हायवे’ म्हणतात आणि जीपवाल्यांच्या हौसेपेक्षा तो कितीतरी मोठा आहे. तुमच्या मुलाला जे आवडतं त्याला बाजारात मागणी आहे, पण ती मागणी जिथे आहे तिकडे त्याचं अजून लक्ष गेलेलं नाही. माझं सांगणं मुख्यतः एवढंच आहे. पुढचं सगळं तपशील.

आता थोडं मुलाशी बोलतो, त्याला हे वाचायला द्या.

बाळा, स्प्रिंगा उंच करायचं सध्या राहू दे. गाडी वर उचलली की इंजिनचा जोर अॅक्सलपर्यंत नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो आणि तो थरथरायला लागतो. पुढच्या अॅक्सलचा कल बदलला तर स्टिअरिंग भरकटतं. वजनाचा मध्य वर सरकतो, त्यामुळे आडव्या उतारावर जी गाडी आधी नुसती कलायची ती आता लोळते. ब्रेक आधीच कमी पडताहेत हे तुझं तूच शोधलंयस. मग ब्रेक दुरुस्त नसलेल्या गाडीला उंची कशाला देतोस? एखादा जाणता फॅब्रिकेटर आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग टायरातली हवा आणि सगळ्यात शेवटी उंची बघतो. हवेवरून आठवलं : तुमच्याकडच्या लाल मातीच्या चिखलात टायर पूर्ण फुगवून घालत असशील तर रुतणारच. हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. सावकाश चालवायचं आणि डांबरावर येण्याआधी परत भरायची. हे फुकटचं मॉडिफिकेशन आधी करून बघ.

आणि ट्रॅक्टरनं ओढण्याचं. आईनं लिहिलंय की साखळी गाडीच्या मागच्या टोइंग बॉलला अडकवता. आजपासून बंद. तो गोळा मागची ट्रॉली ओढण्यासाठी असतो. झटक्यानं ओढताना तो तुटला की गोळीसारखा उडतो, आणि जगभर माणसं त्यानं मेलेली आहेत. चेसिसला धरलेला हूक हवा, त्याला किती ओढ झेपते ते छापलेलं शॅकल (लोखंडी कडी) आणि कापडी पट्टा. पट्ट्यावर मधोमध एखादं जड घोंगडं किंवा ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटला तरी तो खाली पडेल. बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करायचं. मित्र हसतील. हसू दे.

जिथे जातोस ती जागाही बघ. कणकुंबी, जांबोटीच्या वरच्या अंगाला भीमगड अभयारण्य आहे, 2011 मध्ये जाहीर झालेलं, 190 चौरस किलोमीटरचं. बारापेडेच्या गुहांतली दुर्मिळ वटवाघळं तिथलीच. परवानगीशिवाय आत शिरणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. म्हादई-मलप्रभेच्या ओढ्यांत चाकं घालून व्हिडिओ टाकणाऱ्यांना वाटतं कोणी बघत नाही. व्हिडिओ वनखातंही बघतं, आणि अंगावर केस असली की पुढे नोकरीच्या पडताळणीत ती निघते. स्वतःच्या किंवा मित्राच्या पडीक रानात, मालकाला विचारून, एवढंच तुझं मैदान.

स्पर्धांचं म्हणशील तर रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतातली स्पर्धा 2014 पासून भर पावसात गोव्यात होत आली आहे. चोर्ला घाट उतरलास की गोवाच. पण उतरणाऱ्यांचा खिसा बघ. विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र), टायर, सुटे भाग, गाडी आणायचा ट्रक, यात पैसे जातात, येत नाहीत. ड्रायव्हर होण्याआधी तिथे बघायला जा आणि गाडी मोडल्यावर रात्री तिच्याखाली झोपून कोण काम करतं ते बघ. तुझी जागा आधी तिथे आहे.

त्यापेक्षा मला तुझ्यासाठी ‘बाहा’ जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकेत 1976 ला सुरू झालेली ही कॉलेजांची स्पर्धा भारतात 2007 पासून होते. इंजिनिअरिंगच्या मुलांनी एका माणसाची चिखल-दगडांत चालणारी गाडी स्वतः आखायची, वेल्ड करायची आणि पळवायची. पेट्रोलच्या गटात इंजिन सगळ्यांना सारखंच, दहा हॉर्सपॉवरचं. मग जिंकायचं कशावर? वजन, गिअरचं गणित, सस्पेन्शन. आधी ब्रेक-टेस्ट, चारही चाकं एकदम लॉक झाली नाहीत तर गाडी पुढे जात नाही. खर्चाचा हिशेब मांडून परीक्षकांपुढे उभं राहावं लागतं. शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स, म्हणजे गाडी टिकते का बघणारी शर्यत, त्यात निम्म्या गाड्यांचं काहीतरी तुटतं. वाहन कंपन्यांचे लोक तिथे मुलं हेरायला येतात. तेव्हा कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. वर्कशॉपच्या मागे जा, तिथे बाहाची फ्रेम पडलेली आहे का बघ, आणि तिच्याभोवती कोणत्या वर्षाची मुलं आहेत ते विचार. फक्त शेवटच्या वर्षाची असतील तर तुला तीन वर्षं नुसतं बघत बसावं लागेल.

परीक्षेनंतरच्या दोन महिन्यांत पुणं नको. उद्यमबागेत एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये बिनपगारी राहा. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) धरायला शीक, वेल्डची शिवण का तडकते ते विचार. तुझ्या त्या वहीत रोज काय तुटलं आणि का, एवढंच लिही. पुढे कुठल्याही मुलाखतीत ती वही तुझ्या मार्कशीटपेक्षा जास्त बोलेल.

ताई, परत तुमच्याकडे. वाटा तीन आहेत आणि त्यांतली कुठलीही कमी प्रतीची नाही.

मार्क बरे असतील तर मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाईलची बी.ई. कर्नाटकाच्या सीईटीत इंजिनिअरिंगची रँक लावताना निम्मं वजन पीयूसीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या मार्कांना असतं. म्हणून ‘बोर्ड कसंही होऊ दे, सीईटी मारतो’ हे त्याचं म्हणणं चालणार नाही. हे त्याला तुम्ही नको, मी सांगितलं असं सांगा.

मार्क कमी पडले तर पॉलिटेक्निक. बारावी सायन्सवाल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमा झाला की बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला. मला तर अशा हाताच्या मुलांसाठी ही वाट जास्त पटते. गणित तेच शिकतात, पण हातात धातू आधी येतो. उद्यमबागेत जीटीटीसी या सरकारी टूल-प्रशिक्षण संस्थेचं केंद्रही आहे. टूल आणि डायचं काम शिकलेला मुलगा बेळगावात बेकार राहिलेला माझ्या तरी बघण्यात नाही.

तिसरी वाट तुमच्या मालकांना आवडेल. लष्करात ईएमई ही सगळी वाहनं दुरुस्त ठेवणारी शाखा आहे. अग्निवीर टेक्निकलला बारावी पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) चालतं. ते मुलाशी बोलत नसतील तर याच विषयावरून बोलणं काढा. रुतलेला ट्रक कसा काढायचा यावर मिलिटरीत राहिलेला माणूस गप्प बसूच शकत नाही.

राहिलं महाराष्ट्राचं. पुण्याची ओढ असेल तर रीतसर जाता येतं. वादग्रस्त सीमाभागातल्या शाळा-कॉलेजांतून शिकलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळा प्रकार आहे. त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. दहावी-बारावीची संस्था सीमाभागात असल्याचा दाखला आणि मातृभाषेचा पुरावा लागतो, आणि शाळेकडून हे कागद मिळायला वेळ लागतो. सीईटीचे फॉर्म बोर्डाच्या परीक्षेआधीच निघतात. त्यामुळे कर्नाटकाचा आणि महाराष्ट्राचा, दोन्ही फॉर्म भरा, आणि दाखल्यांसाठी शाळेत याच आठवड्यात जाऊन या. मुलालाच पाठवा, पण बसनं.