मॉरिशस ब्रिटिशांची वसाहत होती, तरी तिथे फ्रेंचचा प्रभाव का आहे?

मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवर असलेल्या या ज्वालामुखीजन्य बेटावर मूळचे रहिवासी नव्हतेच. डचांनी १७१० मध्ये ते सोडल्यावर १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि गुलामांच्या श्रमावर ऊसमळे उभारले. ब्रिटिशांनी १८१० मध्ये बेट जिंकले खरे, परंतु शरणागतीच्या अटींनुसार रहिवाशांचे कायदे, धर्म व चालीरीती कायम राहिल्या. शिवाय मळेवाले फ्रेंचच असल्याने गुलामांची क्रिओल (फ्रेंचपासून घडलेली मिश्र बोली) आणि मालकांची फ्रेंच तशीच टिकली. १८३४ पासून आलेल्या भारतीय गिरमिटियांनी (करारबद्ध मजुरांनी), ज्यांत कोकणातले मराठी लोकही होते, कालांतराने क्रिओलच आपलीशी केली. स्वातंत्र्य १९६८ मध्ये मिळाले. संसदेची अधिकृत भाषा मात्र इंग्रजी आहे.